सहाशे फूट

विमान जमिनीला टेकलं, धावपट्टीवरून वळलं, नेमून दिलेल्या जागी उभं राहिलं, इंजिनं बंद झाली, आणि मगच कप्तानाच्या मनात पाल चुकचुकली. हवेत असताना चुकचुकायला सवड नव्हती.

कप्तान हे त्याचं घरीदारी चालणारं नाव. लग्नाच्या पंगतीत मेहुण्यानं ते ठेवलं तेव्हा तो नुसता को-पायलट होता, आणि कुणी तशी हाक मारली की कानकोंडा व्हायचा. आता खरोखर कप्तान होऊन त्याला चौदा वर्षं झाली होती आणि कानकोंडं होणं केव्हाच मागे पडलं होतं. माणूस शिस्तीचा. त्याच्याबरोबर उडायचं म्हणजे बुटांना पॉलिश हवं, असं तरुण को-पायलट आपसात सांगत. कंपनीत आता परीक्षकाची एक जागा निघाली होती. परीक्षक म्हणजे इतर पायलटांची परीक्षा घेणारा, त्यांना पास-नापास करणारा. कप्तानाचं नाव यादीत पहिलं होतं आणि पत्र पंधरा तारखेला निघायचं होतं. ही खुर्ची त्याला इतकी हवी होती की बायकोनं विषय काढला तरी तो उगाच दुसरंच काहीतरी बोलायचा.

आणि नेमकं आज हे झालं होतं.

झालं ते असं. विमानातली उंचीची तबकडी हवेच्या दाबावर चालते. खूप वर सगळी विमानं तिच्यात एकच ठरलेला आकडा लावून उडतात. खाली उतरताना मात्र विमानतळावर त्या घटकेला जो दाब असेल त्याचा आकडा लावायचा असतो. छोटीशी कळ फिरवायची, पाच सेकंदांचं काम. नाही फिरवली तर तबकडी खोटं बोलते, आणि हवा बिघडलेली असली की पोटभर खोटं बोलते. म्हणून रीत अशी, की दोघांनी आपापली कळ आपापल्या हातानं फिरवायची, ‘सेट’ म्हणायचं, आणि मग आपल्या तबकडीवरची उंची मोठ्यानं वाचून दुसऱ्याशी ताडून पाहायची.

त्या गुरुवारी दुपारी हवा चांगलीच बिघडलेली होती. जमिनीवरून विमानांवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोलनं चार हजार फुटांपर्यंत उतरायला सांगितलं, दाबाचा आकडा दिला आणि त्याच दमात धावपट्टीही बदलली. शेजारची को-पायलट मुलगी नव्या धावपट्टीचा तपशील लिहून घेत होती. कप्तान मांडीवर नकाशा उलगडत होता. “सेट,” तो म्हणाला. हजारो वेळा म्हटलेला शब्द. तोंड सवयीनं म्हणून मोकळं झालं. हात नकाशावरून हललासुद्धा नाही. सर म्हणाले म्हणजे झालंच, आपलं लावते एवढं लिहून झालं की, अशा हिशेबानं मुलगीही “सेट” म्हणाली आणि लिहीत राहिली. मग दोघांनी तबकड्या ताडून पाहिल्या. अगदी फुटाला फूट जुळल्या. जुळणारच, दोन्ही सारख्याच चुकलेल्या होत्या. विमान जुन्या बनावटीचं, तेही काही बोललं नाही.

“तुम्ही मला तीन हजार चारशेवर दिसताय,” हेडफोनमध्ये कंट्रोलरचा आवाज आला. जराही चढलेला नव्हता. “प्रेशर तपासा. लगेच चार हजारांवर या.”

कप्तानाची तबकडी चार हजार दाखवत होती. खिडकीबाहेर ढगांशिवाय काही नव्हतं. त्या ढगांत कुठेतरी एकोणतीसशे फुटांचा डोंगर आहे हे त्याला पाठ होतं, आणि पुढची पायरी आणखी खाली उतरायची होती. दोघांचे हात एकदमच कळीकडे गेले. काटा सर्रकन सहाशे फूट खाली आला. कप्तानानं विमान वर घेतलं, पुढचं सगळं बिनचूक केलं, आणि एकशे बेचाळीस माणसं आपापल्या बॅगा काढून उतरून गेली. दोघांतिघांनी तर छान उतरवलंत म्हणून दादही दिली.

आता बंद पडलेल्या इंजिनांच्या शांततेत त्याला तो आवाज पुन्हा ऐकू येत होता. आवाज ओळखीचा होता. मेहुण्याचा होता.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा, म्हणून बहिणीचा लाडका ढापण्या. कप्तानाच्याच वर्षी तोही पायलट व्हायला निघाला होता. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला, महिनाभर कुणाशी बोलला नाही, आणि मग कंट्रोलर होऊन स्क्रीनसमोर बसला. तेव्हापासून दर रविवारी जेवताना त्याचं एक ठरलेलं वाक्य असायचं, “भाऊजी, तुम्ही कितीही मोठे व्हा. मी सांगेन तेवढंच वर जायचं.” सगळे हसत. कप्तानही हसायचा, जरा उशिरा.

दोन महिन्यांपूर्वी मात्र त्याचा तोल गेला होता. भर पंगतीत तो म्हणाला, “खुर्चीत बसून विमान उडवायला काय लागतं? एसी आणि चहा.” ढापण्याचा घास हातातच राहिला होता. नंतर तो म्हणाला, “एक दिवस माझ्या स्क्रीनवर सापडा, मग बघतो.” त्यावरही सगळे हसले होते. आज कॉकपिटमध्ये बसून कप्तानाला ते हसू आठवलं आणि त्यात काहीच हसण्यासारखं वाटेना. कप्तान कधी, कुठल्या विमानावर आहे हे बायकोच्या तोंडून तिच्या भावाला आठवड्याच्या सुरुवातीलाच कळलेलं असायचं. म्हणजे आज कोण सापडलंय हे ढापण्याला पक्कं ठाऊक होतं.

“सर,” मुलीनं विचारलं, “रिपोर्ट आपण आजच टाकायचा ना?”

“बघतो मी.”

“नाही, म्हणजे बहात्तर तास असतात ना, म्हणून म्हटलं.”

“मला माहीत आहेत किती तास असतात.”

मुलीनं बॅग उचलली. नियम दोघांनाही तोंडपाठ होता. चूक करणाऱ्यांनी तीन दिवसांत स्वतःहून लिहून दिलं तर शिक्षा नाही. सगळ्यांनी त्यातून धडा घ्यायचा, बस्स. बाहेरून कळलं आणि यांनी लिहिलेलं नसलं, तर चौकशी. कंट्रोलरांना तर तीन दिवसही नव्हते. तीनशे फुटांपेक्षा जास्त फरक दिसला की त्याच दिवशी फॉर्म भरायचा, तिथे नातंगोतं बघायचं नाही.

सरळ माणसानं तिथल्या तिथे लिहून टाकलं असतं. कप्तानही एरवी सरळच होता. पण शिक्षा नाही म्हणून कुणी वाचणारच नाही असं थोडंच होतं? निवड समिती वाचणार. जो दुसऱ्यांची परीक्षा घ्यायला निघालाय तो प्रेशर लावायला विसरतो, असं कुणीतरी चहा पिता पिता म्हणणार, आणि यादीतलं दुसरं नाव पहिलं होणार. तेव्हा सगळा प्रश्न एकाच गोष्टीशी येऊन अडत होता. ढापण्यानं फॉर्म भरला का? भरला नसेल, तर आपण होऊन आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायची गरज नव्हती. भरला असेल, तर एकेक तास मोलाचा होता.

आणि हे विचारायचं कसं? विचारलं म्हणजे घाबरलो हे कबूल केल्यासारखं. वर उपकार मागितल्यासारखं. एसी आणि चहावाल्याकडे!

शुक्रवारी ढापण्याचा फोन आला नाही. एरवी आठवड्यातून चारदा यायचा. शनिवारीही नाही. कप्तानाला आता ज्याचा त्याचा संशय यायला लागला. को-पायलट मुलगी ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर दिसली, असे रिपोर्ट घेणारा सुरक्षा विभाग जिथे आहे तिथे. हा खांबाआड थांबून पाहत राहिला. ती रजेचा अर्ज देऊन पाच मिनिटांत निघून गेली. एवढ्या मोठ्या माणसाला खांबाआड उभं राहिलेलं सफाई करणाऱ्या बाईंनी पाहिलं आणि विचारलं, “साहेब, काही हरवलं का?” तो नाही म्हणाला आणि जिना उतरून आला.

“तुझं काय बिनसलंय?” शनिवारी संध्याकाळी बायकोनं विचारलं. मग त्यानं तिला सांगितलं, अर्धं. चूक झाली हे सांगितलं, डोंगर वगळला. आणि भावावरचा संशयही सांगितला.

“ढापण्या?” ती म्हणाली. “तो असं का करेल?”

“त्याला माझं बरं बघवत नाही.”

“काहीतरीच बोलू नकोस. मनात धरून बसण्यापेक्षा उद्या जातोच आहोत, त्याला सरळ विचार.”

“विचारतो.”

“नक्की? तू विचारशील, मी मध्ये पडणार नाही.”

“म्हटलं ना, विचारतो.”

रविवारी दुपारी ते नेहमीप्रमाणे जेवायला गेले. बायकोनं आईसाठी केलेलं काहीबाही निळ्या झाकणाच्या डब्यात भरून घेतलं. हा डबा वर्षानुवर्षं या दोन घरांत ये-जा करत होता. ती जाताना भरून न्यायची आणि पुढच्या खेपेला आईकडून भरून आणायची. सासूबाई मुलाकडेच राहत. त्यांनी दार उघडलं, कप्तान वाळल्यासारखा दिसतो म्हणाल्या, आणि पानं घेतली.

ढापण्या जेवताना एक शब्द बोलला नाही. कप्तानानं मुद्दाम वाट पाहिली. “मी सांगेन तेवढंच” आलंच नाही. भाजी पुढे सरकवताना दोघांची नजरानजर झाली आणि ढापण्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. पुसण्याजोगं त्यावर काही नव्हतं. केलंय यानं, कप्तानाच्या मनानं घेतलं.

जेवण झाल्यावर ढापण्या त्याला बाल्कनीत घेऊन गेला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. बराच वेळ दोघांनी ती गाडीच पाहिली.

“भाऊजी, गुरुवारचं,” ढापण्या हलक्या आवाजात म्हणाला. “तुमच्याकडे काही झालं का?”

कप्तानाचे कान टवकारले. घाव लागला की नाही हे पाहायला आलाय, असं त्याला वाटलं.

“गुरुवारचं काय?” तो म्हणाला.

ढापण्यानं त्याच्याकडे पाहिलं. “म्हणजे तुम्ही काही लिहून वगैरे...”

“कशाबद्दल?”

“काही नाही. असू दे.” त्यानं कठड्यावर बोटं वाजवली. “तुम्ही निवांत राहा.”

तो आत गेला. निवांत राहा! ज्यानं काही केलेलं नसतं तो दुसऱ्याला निवांत राहायला सांगायला कशाला येईल? कप्तानाचं डोकं तापलं. सरळ विचारायची हीच वेळ होती हे त्यालाही कळत होतं. जिभेच्या टोकावर होतं. पण आतून बायको आणि सासूबाईंच्या हसण्याचा आवाज आला, आणि या घरात आपण हात पसरायचा नाही असं त्याला वाटलं.

सासूबाईंनी चहा मांडला आणि त्याला कपाटावरचं त्यांचं गोळ्यांचं पाकीट काढून द्यायला सांगितलं. पाकिटाखाली ढापण्याची डायरी होती. डायरीतून एक पिवळा कोपरा बाहेर आला होता. कप्तानानं मागे वळून पाहिलं. सासूबाई साखर घालत होत्या. त्यानं कोपरा बोटभर ओढला. ढापण्याच्या मुंगीएवढ्या अक्षरात गुरुवारची तारीख. त्याच्या विमानाचा नंबर. दिलेली उंची, चार हजार. दिसलेली उंची, तीन हजार चारशे.

असे फॉर्म त्याच्या कंपनीतही होते. पांढरा कागद ऑफिसला द्यायचा, पिवळी नक्कल आपल्याजवळ ठेवायची. नक्कल इथे आहे म्हणजे पांढरा गेला. संपलं. त्यानं कोपरा आत ढकलला, सासूबाईंना पाकीट दिलं आणि घड्याळ पाहिलं. सव्वातीन. बहात्तर तास भरायला पाऊण तास उरला होता.

“मला जरा ऑफिसात जाऊन यायचंय,” तो म्हणाला. “तू नंतर ये.”

“चहा तरी घे,” बायको म्हणाली. तो गेलासुद्धा.

गाडी रस्त्याच्या कडेला लावून त्यानं फोनवरच रिपोर्ट लिहिला. उत्तम लिहिला. एकही गोष्ट लपवली नाही, डोंगरही नाही. चूक माझी, को-पायलटनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, असं लिहिलं. कंट्रोलरनं वेळीच सावध केलं, हेही लिहिलं, मिनिटासकट. तीन चाळीसला त्यानं तो पाठवला आणि सीटवर डोकं टेकलं. पाठीत सुरा खुपसणाऱ्याला आपण वीस मिनिटं राखून हरवलं, असं त्याला वाटलं, आणि त्या घटकेला तो खरोखर खूश होता.

मंगळवारी सकाळी सुरक्षा विभागाच्या मॅडमचा फोन आला.

“सर, तुमचा रिपोर्ट आम्ही सगळ्यांना वाचून दाखवणार आहोत,” त्या म्हणाल्या. “इतकं स्पष्ट कुणी लिहीत नाही. निवड समितीलाही पाठवलाय. परीक्षक असाच हवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. पत्र पंधरालाच निघेल, मी तुम्हाला आधी सांगितलं म्हणून बोलू नका.”

“आभारी आहे,” कप्तान म्हणाला. “पण तसाही तो कंट्रोलकडून आलाच असता.”

“तेच तर!” मॅडमचा आवाज चढला. “त्यांच्याकडे काही नाहीच. रीतीप्रमाणे तुमचा रिपोर्ट आम्ही तिकडे पाठवला, तर त्यांच्या दप्तरात त्या दिवशीची नोंदच नाही. कंट्रोलरनं दाबून टाकलं. रेकॉर्डिंग काढलं, तर त्याचा आवाज स्वच्छ आहे, सगळं पाहिलेलं आहे आणि फॉर्म दिलेला नाही. काल सकाळी स्क्रीनवरून उठवलं त्याला. लायसन काढून घेतलंय. परत मिळेल असं वाटत नाही. चुकीला माफी आहे सर, लपवण्याला नाही. तुम्ही लिहिलं नसतं तर कुणाला पत्ताही लागला नसता.”

फोन ठेवल्यावर कप्तान बराच वेळ स्वयंपाकघरात उभा होता. नळ टपकत होता, तो त्यानं घट्ट केला. बायको घरात नव्हती. सकाळीच भाजी आणायला म्हणून गेली होती. त्यानं ढापण्याला फोन लावला.

“बोला भाऊजी.” आवाज तसाच, जराही चढलेला नाही.

“तू फॉर्म भरला होतास,” कप्तान म्हणाला. “मी पाहिला. तुझ्या डायरीत. पिवळा.”

“पिवळा पाहिलात,” ढापण्या म्हणाला. “एक पान उलटायचं होतंत. पांढरा तिथेच होता.”

“मग दिला का नाहीस?”

“द्यायलाच भरला होता. ताईनं आदल्या दिवशी फोन केला होता, तुम्ही परीक्षक होणार म्हणून. इतकी खूश होती ती. म्हटलं, भाऊजी स्वतः लिहितायत का बघू, मग त्यांच्याबरोबर मीही उशिरा का होईना देईन. उशिराला मेमो मिळतो, तेवढाच. म्हणून तर विचारलं होतं बाल्कनीत. तुम्ही म्हणालात, गुरुवारचं काय. मी समजलो, तुम्हाला हे नकोच आहे. मग फाडून टाकला.”

हा आवाज नसता तर गुरुवारी कप्तान, ती मुलगी, एकशे बेचाळीस प्रवासी आणि बाकीचा कर्मचारीवर्ग त्या डोंगराच्या वाटेला लागला असता. या आवाजाचे त्यानं अजून आभारही मानले नव्हते. आत्ताही मानायला हवे होते. “अरे, मला वाटलं...” एवढंच त्याच्या तोंडून आलं.

“असू दे भाऊजी,” ढापण्या म्हणाला. “आई हाक मारतेय.” आणि त्यानं फोन ठेवला.

बायको बाराच्या सुमारास आली. चप्पल काढताना तिनं दाराला हात टेकला होता. तो खुर्चीतून उठला नाही. मघापासून तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता, आणि एकही जुळत नव्हतं.

“ढापण्याचं कळलं?” तिनं विचारलं.

“कळलं. आत्ताच. कंपनीतून.”

“त्याची नोकरी जाणार.”

“बघू. मी बोलतो कुणाशीतरी.”

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. एक हात पाठीमागे होता. “मला एकच सांग,” ती म्हणाली. “रिपोर्ट पाठवायच्या आधी तू त्याला विचारलं होतंस ना? म्हणाला होतास, विचारतो म्हणून.”

गुरुवारी ‘सेट’ म्हणाला होता तितक्याच सहज, तितक्याच ठाम आवाजात तो म्हणाला, “हो. विचारलं होतं.”

तिनं मान हलवली. मग पाठीमागचा हात पुढे केला आणि निळ्या झाकणाचा डबा त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. आईनं तो भरून दिला होता, अजून गरम होता.